भारी म्हणालो होतो, जड नव्हे

लिहून ठेवणार: तात्याराव लिंबाजी खंदारे, वय सत्तर, धंदा शेती व लष्कराचे निवृत्तिवेतन, राहणार सोनपेठ, जिल्हा परभणी.

तथागतांना वंदन करून आणि वकीलसाहेबांनी दिलेला छापील नमुना बाजूला ठेवून मी हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. नमुन्यात पहिलेच वाक्य असे आहे की मी पूर्ण शुद्धीत आहे. याबाबत आमच्या घरात दोन मते आहेत. माझे मत, शुद्धीत आहे. माझी पत्नी चांगुणाबाई हिचे मत, "शुद्धीत हाव तर चष्मा कपाळावर ठिवून घरभर का हुडकायलाव?" चष्मा सापडला आहे. कोणाचा धाक, दडपण, लालूच किंवा दारू यांपैकी काहीही माझ्यावर नसून मी हे राजीखुशीने लिहितो.

लिहिण्याचे कारण असे की पुढच्या आठवड्यात हैदराबादला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही. लष्करात असे वाक्य कानावर आले की आम्ही मुकाट्याने हेल्मेट घालत असू.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक शेजारचा औषध दुकानदार बजरंग, तो तयार आहे. दुसऱ्याची ओळ मी किशनराव ग्यानबा रोडगे याच्यासाठी रिकामी ठेवली आहे. किशनराव आणि मी एकमेकांशी बोलत नाही. वकील म्हणाले, मग दुसरा कोणीही चालेल. मी म्हणालो, चालणार नाही. ऑपरेशनला निघायच्या आत ती ओळ भरली पाहिजे, आणि त्यानेच भरली पाहिजे. का, ते पुढे येईल.

कलम १. माझे राहते घर, स्लॅबच्या दोन खोल्या आणि मागे पत्र्याचे स्वयंपाकघर, माझ्या पश्चात चांगुणाबाईचे राहील. ती हयात असेतोवर "आई, परभणीला आमच्याकडे चल" असा आग्रह तिला कोणी करू नये. मुलगा धम्मपाल परभणीला शिक्षक आहे, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे तिला भांडायला माणूस मिळत नाही आणि दोन दिवसांत ती आजारी पडते. तिच्यानंतर घर धम्मपाल आणि मुलगी बबिता यांनी निम्मे निम्मे घ्यावे. बबिताने "मला काही नको दादा" म्हणून हक्क सोडल्याची सही करू नये. अशा सह्या करणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत, त्या पुढे जन्मभर टोमणे मारतात.

तसेच जाहीर करतो की या घरात कोणतीही लष्करी रायफल पुरलेली, लपवलेली किंवा भिंतीत चिणलेली नाही. गावात तशी बोलवा आहे. मागच्या उन्हाळ्यात जावईबापूंनी मी झोपलो आहे असे समजून फरशी ठोकून पाहिली. फरशी पोकळ वाजते, कारण मिस्तरी चोर होता.

कलम २. माझी शेतजमीन. चतुःसीमा: पूर्वेस किशनराव रोडगे यांचे शेत, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस नाला, उत्तरेस पुन्हा किशनराव. म्हणजे दोन बाजूंनी मी किशनरावच्या वेढ्यात आहे.

हा माणूस आणि मी एकाच दिवशी भरती झालो, एकाच पलटणीत राहिलो, एकाच ताटात जेवलो. नोकरी संपवून आलो तेव्हा हे रान विकायला निघाले होते. गावातले काही जण मालकाच्या कानाला लागले, ह्यांना कशाला देता म्हणून. "ह्यांना" म्हणजे कोणाला ते सांगायची गरज नाही, आमच्या वस्तीवरच्या माणसाने हा शब्द आयुष्यभर ऐकलेला असतो. किशनराव चावडीवर गेला आणि म्हणाला, "माझ्या बांधाला कोन पायजे ते मी ठरवनार. मला तात्या पायजे." विषय मिटला. तेव्हापासून बांध कोणी बोटभरही सरकवलेला नाही. आमचं भांडण बांधावरून नाही, शब्दावरून आहे.

जमीन दोन्ही मुलांची. विकू नये. विकायचीच वेळ आली तर आधी किशनरावला विचारावं, मग तो बोलत असो वा नसो.

कलम ३. बँकेतली ठेव चांगुणाबाईची. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा बरं माहीत आहे.

कलम ४. माझी हत्यारे: बंदुकीची नळी साफ करायची दोरी, पितळी ब्रश, तेलाची डबी. निवृत्तीनंतर परभणीत एका बँकेच्या दारात मी दुनळी घेऊन बसत असे. त्या दुनळीने एकदाच आवाज केला, भिंतीवरून घसरून पडली तेव्हा. पण नळी आरशासारखी ठेवली होती. याच दोरीने मी पुढे फवाऱ्याच्या नळ्या आणि नातवाची बासरी साफ केली. हे सामान धम्मपालला द्यायचे होते, पण तो मोटारसायकलची साखळीसुद्धा दुसऱ्याकडून पुसून घेतो. म्हणून बबिताला.

कलम ५. झरीचे आमचे व्याही, म्हणजे बबिताचे सासरे, यांना माझ्याकडून शेवटची विनंती आहे की माझ्या फोटोला हार घालताना तरी त्यांनी "भारीसाहेब" म्हणू नये.

हे नाव मला कसे पडले ते लिहिणे भाग आहे. बबिताच्या लग्नात मी कोट घातला होता, कोटावर बिल्ले लावले होते. व्याही कचेरीतले माणूस. त्यांच्यापुढे मुलीच्या बापाची मान ताठ राहावी एवढंच मनात होतं. लग्न लागलं, पंगती बसल्या आणि किशनरावने माईक हातात घेतला.

"पाव्हणे मंडळी," म्हणाला, "ह्यो तुमचा व्याही साधा मानूस न्हाई. सरकारनं एक नवी रायफल बनवली व्हती. मोठेमोठे इंजिनेर खपले तिच्यावर. सायबानं ह्याला इचारलं, कैसी है? ह्यो म्हनला, लय भारी. सायेब परमुलखातला. त्यानं लिवलं, लय जड. झालं. रायफल गेली घरी. सरकारची रायफल आमच्या तात्याच्या एका शब्दानं पाडली बगा."

मांडव हसला. भटारखान्यातले आचारी हसले. व्याही इतके हसले की त्यांचा फेटा सुटला, आणि फेटा बांधता बांधता म्हणाले, "या, भारीसाहेब." ते नाव झरीहून सोनपेठेला आमच्या आधी पोचलं. बबिता सासरी नांदायला गेली ती भारीची पोरगी म्हणून.

मी माईक घेतला आणि म्हणालो, "किशनराव, जेवून घ्या आणि निघा." तो न जेवता गेला. जेवून घ्या असे मी स्पष्ट शब्दांत म्हणालो होतो, अख्खा मांडव साक्षीला आहे. न जेवणे हा त्याचा निर्णय.

इथपर्यंत चांगुणाबाईने पाठीमागून वाचले आणि म्हणाली, "बुंदी वाढायले व्हते ते. सकाळधरून उभे. हातातली बादली तशीच खाली ठिवली अन् गेले. हे बी लिवा." लिहिले आहे. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. तिचं आणि किशनरावच्या बायनाबाईचं मात्र चालू आहे. दह्याचं विरजण, हुरडा, सुनांच्या तक्रारी, सगळं इकडून तिकडे जातं. आमचे निरोप तेवढे जात नाहीत.

कलम ६. माझ्या शोकसभेत किशनराव रोडगे याला बोलू देऊ नये. तो माईककडे सरकतो आहे असे दिसताच धम्मपालने वीज बंद करावी.

कलम ७. सदर रायफल लष्करात का आली नाही याबाबत माझे निवेदन. हे कलम शोकसभेत मोठ्याने वाचावे, कारण किशनराव अर्धीच गोष्ट सांगतो.

रायफलीला सरकारी नाव होते, अक्षरे आणि आकडे. गुप्त असल्यामुळे लिहीत नाही. आठवतही नाही. आम्ही तिला नवरी म्हणत असू, कारण ती पेटीत पिवळ्या कापडात गुंडाळून आली आणि सगळे तिला बघायला जमले. चाचणीसाठी ती आमच्याच पलटणीच्या ताब्यात दिली. जागेचे नावही गुप्त आहे. ते चांगुणाबाईला माहीत आहे आणि त्यामुळे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

नवरी चांगली होती हे मी आज मरणाच्या दारात सांगतो. खांद्याला अशी बसायची की आपल्यासाठीच घडवली आहे. नळी जाडजूड. उन्हात दिवसभर चालवली तरी गोळी नजर जाईल तिथे जायची. मी पुष्कळ बंदुका हाताळल्या, जीव एकीवरच बसला. ("माझं वर्णन एका वळीत बी न्हाई," चांगुणाबाई. तिचे वर्णन कलम १ मध्ये आले आहे.)

चाचणी संपल्यावर मेजरसाहेब तंबूत टेबल टाकून बसले. माणूस देवमाणूस. स्वतःच्या बाटलीतलं पाणी जवानाला देणारा. पण गाव केरळात, हिंदी नोकरीत आल्यावर शिकलेली, आणि मराठीचा गंध नाही. एकेकाला आत बोलवून विचारत, "कैसी है?" आमची तुकडी सगळी परभणी, नांदेड, हिंगोलीकडची. शेतकऱ्याची, मजुराची पोरं. आमच्याकडे रान भारी म्हणजे काळंभोर, कसदार. लुगडं भारी म्हणजे ठेवणीतलं. वजनाला आम्ही जड म्हणतो. एकजात सगळे म्हणाले, "साब, भारी है. लय भारी है." मी म्हणालो. किशनराव म्हणाला. स्वयंपाक्यालासुद्धा हौसेने विचारलं, तोही म्हणाला. साहेबांचा चेहरा पडत चालला. आम्हाला वाटलं, ऊन लागलं असेल.

कागद वर गेला: जवानांना रायफल फार जड होते. पुढच्या हिवाळ्यात नवरी परत आली ती ओळखू येईना. नळी खरवडून बारीक केलेली, लाकडी दस्ता जाऊन तिथं प्लास्टिक, जिथं म्हणून भोक पाडता येईल तिथं भोक. उचलायला फुलासारखी. पण चार फैरी झाल्या की नळी तापायची, धूर डोळ्यांत जायचा आणि गोळी मर्जीला येईल तिकडे.

साहेबांनी पुन्हा टेबल टाकलं. "अब कैसी है?" पहिला किशनराव आत गेला. तोंड वाकडं करून म्हणाला, "साब, हलकी है." आमच्याकडे हलकं रान म्हणजे मुरमाड, हलका माल म्हणजे पत्र्याचा डबा. मीही म्हणालो, "साब, एकदम हलकी." साहेब खुर्चीतून उठले, प्रत्येकाशी हात मिळवला आणि संध्याकाळी सगळ्या तुकडीला शिरा घातला. आम्ही ताट घेऊन एकमेकांकडे बघायला लागलो. किशनराव म्हणाला, "तात्या, नावं ठिवली तर शिरा देयलेत. शिव्या दिल्या असत्या तर मटन दिलं असतं." शिरा चांगला होता.

मग मोठ्या साहेबांसमोर प्रात्यक्षिक झालं. तिसऱ्या मिनिटाला प्लास्टिक मऊ पडलं, खटका अडकला आणि गोळ्यांची पेटी सुटून एका जनरलसाहेबांच्या बुटावर पडली. खाली वाकून त्यांनी पेटी उचलली, मेजरसाहेबांच्या हातात दिली आणि चहाला गेले. नवरीची पाठवणी झाली ती झालीच.

आता कोणीही सांगावं, यात माझा एकट्याचा शब्द कुठे येतो? "भारी" सगळे म्हणाले. आणि "हलकी" तर किशनरावनेच काढला. त्याच्या गोष्टीत हलकी नाही, शिरा नाही, किशनराव नाही. आहे तो एकटा तात्या. याचा मला राग आहे. निवेदन समाप्त.

कलम ८. कलम ६ मध्ये दुरुस्ती. वकील म्हणाले, खाडाखोड करू नका, नवीन कलम घाला. चांगुणाबाई काल संध्याकाळी जेवायला वाढेना. म्हणाली, "ते न्हाई बोलले तर कोन बोलनार तुमच्या मयतीला? धम्मपालचे हेडमास्तर? त्यांना तुमचं नाव बी धड येत न्हाई, दत्ताराव म्हनतेत." हे खरे आहे. म्हणून ठरवले की किशनरावला बोलू द्यावे, पण रायफलीचा विषय वगळून.

पोळी मिळाली, भाजी नाही. ती म्हणाली, "रायफल सोडून त्यांनी काय बोलायचं? तुमचं दुसरं हाय काय?"

कलम ९. माझा लष्करी ओव्हरकोट. किशनराव स्वतःचा कोट नोकरीतून येताना रेल्वेत विसरला. परभणीची थंडी कशी हाड फोडते ते परभणीकरालाच माहीत. म्हणून भांडण होईपर्यंत एक हिवाळा कोट माझ्याकडे असे, एक हिवाळा त्याच्याकडे. भांडणाच्या साली कोटाची पाळी माझ्याकडे होती, तो माझ्याकडेच राहिला. घालवत नाही. खिशात त्याच्या बिडीची राख आहे.

कोट किशनरावला द्यावा असे लिहिणार होतो. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, उद्या कोणी वाद घालतो. मी म्हणालो, मग बायनाबाईला देतो. ते म्हणाले, साक्षीदाराच्या बायकोलाही नको. मी म्हणालो, म्हशीला दिला तर? वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

म्हणजे एक तर सही घ्यायची, नाही तर कोट द्यायचा. शेवटी चांगुणाबाईच म्हणाली, "जित्तेपनीच द्या की. मेल्यावर द्यायला तो काय जमीन हाय?" म्हणून कोट या मृत्युपत्रातून वगळून आजच तिच्या हाती पाठवला. सोबत निरोप दिला की अमुक दिवशी सकाळी सही करायची आहे, जमलं तर यावे. "जमलं तर" हे शब्द चांगुणाबाईने गाळले असावेत, तिचा तसा स्वभाव आहे.

तिने परत येऊन सांगितले, "कोट घेतला. वास घेतला."

कलम १०. हे कलम शोकसभेच्या आधी फक्त धम्मपालने वाचावे, सभेत वाचू नये.

मागच्या महिन्यात परभणीला हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो असताना शेजारी सटवाजी नावाचे गृहस्थ भेटले. नवरी ज्या कारखान्यात घडली तिथे ते भांडारात नोकरीला होते, आता गावाकडे शेती करतात. मी रायफलीचा विषय काढला. माझ्याजवळ दुसरा विषय नाही हे वर आलेच आहे. भारीची सगळी कहाणी सांगितली.

सटवाजी शांतपणे म्हणाले, "न्हाई हो. तुमच्या बोलन्यानं काय बी झालं न्हाई. हलकी करायचं आधीच ठरलं व्हतं, तिचा नकाशा तुमची चाचनी व्हायच्या आधी टेबलावर व्हता. आन तिची गोळी पडली येगळ्या मापाची. जुन्या गोळ्यांनी कोठारं भरल्याली. त्या काय नदीत टाकायच्या? स्प्रिंगचं पोलाद भाईरदेशी. दुसऱ्या हापिसानं दुसरीच रायफल धरून ठिवली व्हती. तुमी भारी म्हना, हलकी म्हना, गोरी म्हना, ती येनारच नव्हती. तुमचे कागद मीच कपाटात ठिवले, गाठ बी सोडली नव्हती कुनी."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. इतक्या वर्षांचा आळ गेला. पण खरं सांगतो, वाईट वाटलं. डॉक्टरांनी आत बोलावलं आणि म्हणाले, छातीत काही होतंय का? मी म्हणालो, होतंय. आळ होता तोवर निदान मी एक रायफल पाडली होती. सरकारने कधीतरी माझा एक शब्द ऐकला होता, चुकीचा का होईना. आता तोही नाही.

घरी येताना बसमध्ये दुसरा विचार आला. किशनराव ही गोष्ट मांडवात, चावडीवर, बाजारात सांगत आला आहे. सटवाजीचं बोलणं फुटलं तर लोक म्हणतील, किशनराव खोटं बोलत होता. म्हातारपणी त्याला गावासमोर खोटा पाडणारा मी कोण? माझं त्याच्याशी भांडण आहे, वैर नाही. "मला तात्या पायजे" म्हणणारा तो एकच माणूस मला आयुष्यात भेटला. त्याच्यावाचून बांधावर बसून भाकरी खातो ती गोड लागत नाही. हे मी त्याला तोंडाने कधीच सांगणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

सबब कलम ६, ७ आणि ८ रद्द. माझ्या शोकसभेत त्रिशरण पंचशील झाल्यावर सर्वांत आधी किशनराव रोडगे याने बोलावे. रायफलीची गोष्ट सांगावी, त्याला वाटेल तशी सांगावी, अर्धी सांगितली तरी चालेल. लोकांनी हसावे. व्याह्यांचा फेटा सुटला तर सुटू द्यावा. सटवाजीचे नाव कोणी काढू नये. वीज चालू ठेवावी.

साक्षीदाराने फक्त माझी सही बघायची असते, मजकूर वाचायची गरज नाही, असे वकिलांनी सांगितले आहे. तेव्हा किशनरावने हे वाचू नये अशी तजवीज करावी. पाने पालथी ठेवावीत.

पुरवणी, निघायच्या दिवशी सकाळी. धम्मपाल गाडी घेऊन आला आहे. बजरंग केव्हाचा येऊन बसला आहे, दोन चहा झाले. वकील घड्याळ बघत आहेत. म्हणाले, "समोरच्या पिठाच्या गिरणीतून कोणाला तरी बोलावू का?" मी म्हणालो, गिरणीवाल्याला माझ्या शेताचा बांधही माहीत नाही. थांबा. धम्मपाल म्हणाला, "बाबा, उशीर होईल." मी म्हणालो, होऊ दे. ऑपरेशन माझं आहे, मी गेल्याशिवाय सुरू होत नाही.

चांगुणाबाई दारात उभी आहे. म्हणते, गल्लीच्या तोंडाला कोट दिसायलाय. आत किशनराव असावा.

सही करतो.

ठिकाण: सोनपेठ
दिनांक: १३ जानेवारी २०२५
सही: तात्याराव लिंबाजी खंदारे

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली, म्हणून आम्ही साक्षीदार:

१. बजरंग शामराव वाघमारे, औषध विक्रेता, सोनपेठ. (सही)

२. किशनराव ग्यानबा रोडगे, शेती, माजी सैनिक. (सही)

सहीखाली दोन शब्द लिवायचे हायत, वकीलसायेब न्हाई म्हनायलेत, तरी लिवतो. पानं पालथी ठिवली व्हती, मी उलटी करून सगळी वाचली. सटवाजी मला बबिताच्या लग्नाच्या आदल्या सालीच भेटला व्हता, परभणीला विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात. आपल्या बोलन्यानं काय बी झालं न्हाई हे मला तवाच कळलं. तरी मांडवात सांगितलं. पोरीचा बाप पाव्हण्यांपुढं मान खाली घालून उभा व्हता. मला वाटलं, लोकांना कळू दे की सरकारची रायफल पाडनारा मानूस हाय ह्यो. माझं हलकी मुद्दाम गाळलं. लग्न तुझ्या पोरीचं व्हतं, त्यात माझं नाव कशाला? लोक असे हसतील वाटलं नव्हतं.

कलम १० मला मान्य न्हाई. मी तुझ्याहून दोन वर्सांनी मोठा हाय. मी तुझ्या मयतीला बोलनार न्हाई, तू माझ्या मयतीला बोलायचं. हैदराबादहून आलास की काय बोलनार ते सांगायला बांधावर ये.